पुलाचा सांधा

सासऱ्यांची नजर जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण गाडीत बसले की रस्ता त्यांनाच जास्त दिसायचा. मोठा खड्डा आला की म्हणायचे, दवाखाना. लागोपाठ दोन गचके बसले की रेल्वेचं फाटक. पुलाच्या सांध्यावर चाक आदळलं की काठी सावरून उतरायच्या तयारीत, कारण पूल संपला की घर. 'आलं हं घर' असं दुसऱ्या कुणी सांगितलेलं त्यांना मुळीच खपायचं नाही.

मग मेली ती कंबर धरली. प्रत्येक गचक्याला कळ मस्तकात जायची. म्हातारबांनी तोंडातून ब्र काढला नाही, पण बाहेर पडणंच सोडलं. सुनेचा जीव तुटायचा.

सून गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. कॅमेऱ्याने पुढचा खड्डा हेरायचा, कॉम्प्युटरने चाक तिथे पोचायच्या आत शॉक अॅब्सॉर्बर सैल करायचा, अशी यंत्रणा ती बनवत होती. चाचणीची गाडी मिळाली तशी तिने पहिल्यांदा सासऱ्यांनाच बसवून फिरवून आणलं. कंबरेने हूं की चूं केलं नाही. सुनेला आभाळ ठेंगणं झालं.

गाडी थांबली, पण सासरे जागचे हलेनात. हात दाराची कडी चाचपत होता.

"कुठे आलो गं आपण?" त्यांनी हळूच विचारलं.

गाडी घराच्या दारात उभी होती. ते कसनुसं हसले, गाडी छान आहे म्हणाले, आणि पहिल्यांदाच सुनेचा हात धरून उतरले. रस्त्यावरचे सगळे खड्डे बुजवले, आणि आता सुनेच्या पोटात खड्डा पडला.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांना म्हणाली, थोडे धक्के परत घालायचेत. सगळे पोट धरून हसले. जग धक्के काढतंय आणि ही बाई घालतेय! पण सून हट्टाला पेटली होती. सहकाऱ्याला गाडी चालवायला लावून ती डोळे मिटून शेजारी बसायची. कंबरेला कळणार नाही पण तळपायांना कळेल, एवढाच धक्का तिला हवा होता. तो सापडेपर्यंत तिने सहकाऱ्याला पार पिदवलं.

मग पुन्हा सासऱ्यांना गाडीत बसवलं. दवाखाना गेला, फाटक गेलं, सासरे गप्पच. चाकं पुलावर चढली. सीटखाली कुणी टिचकी मारावी, तेवढंच झालं.

सासऱ्यांनी काठी जवळ ओढली.

"पूल आला," ते म्हणाले. "किल्ली काढून ठेव, सूनबाई. दारात शोधत बसतेस."