त्या टाकीच्या आधी मी होतो

मी खड्डा बोलतोय. नाक दाबलंत तरी चालेल, मला सवय आहे. यूराकपाम्पा गावाच्या ओढ्याकाठी, सातुर्निनाच्या बटाट्याच्या शेताखाली मी असतो, आणि वानुको शहरातल्या एका स्टीलच्या टाकीवर जळतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मनात दाबून ठेवलं तर मला आणखीच वास सुटतो.

मला खणलं हिलारिओनं, लग्न झालं त्याच वर्षी. सातुर्निना काठावर उभी राहून ओरडत होती, "अहो, पुरे आता! बटाटे पुरायचेत, सासूबाईंना नाही!" हिलारिओ हसता हसता माझ्यातच बसला. मग त्यानं डोंगरावरचं इचू गवत आणून माझ्या तळाशी अंथरलं. त्यावर बटाटे, वर पुन्हा गवत, सगळ्यावर दगड. ओढ्याचं पाणी एका अंगानं आत घेतलं, दुसऱ्या अंगानं बाहेर सोडलं.

कित्येक महिन्यांनी दगड काढले की आतले बटाटे पांढरेफटक, मऊ आणि घमघमीत झालेले असतात. हा टोकोश. दालचिनी, लवंग आणि गूळ घालून त्याची खीर करतात. बाळंतिणीला ती, पोट बिघडलं तरी ती, छातीत कफ झाला तरी तीच. सगळं गाव माझ्या जिवावर धडधाकट आहे असं गावच म्हणायचं. मी कशाला नाही म्हणू?

दरसाल नवे बटाटे पुरण्याआधी सातुर्निना माझ्या काठावर कोकाची पानं ठेवते, उसाच्या दारूचा एक घोट मला पाजते आणि म्हणते, "घे बाबा, आणि नीट सांभाळ." हिलारिओ वारला त्या वर्षीही तिनं हे चुकवलं नाही. एवढं प्रेम आपल्या वाट्याला आल्यावर मध्येच कुणीतरी टपकलं तर राग येणार नाही का?

टपकली ती टाकी, आणि तीही नोएमीमुळे. नोएमी ही सातुर्निनाच्या भावाची मुलगी, शहरात सूक्ष्मजीवांचा अभ्यास करणारी. एकदा ती टोकोश काढायला मदतीला आली आणि माझ्या तोंडाशी, पाण्याच्या वर राहिलेल्या गवतावर, निळसर बुरशी धरली होती तिथे थबकली.

"आत्या, हे गवत नेऊ?"

"ने की! कचरा न्यायला कसली परवानगी मागतेस?"

त्या मूठभर गवतातली बुरशी नोएमीनं टाकीत वाढवली. टाकीला ती 'राणी' म्हणते. मला आजवर कुणी नाव ठेवलं नाही, म्हणजे नावं पुष्कळ ठेवली, पण नाव नाही. नोएमी माझ्याच काठावर बसून फोनवर राणीचे फोटो दाखवायची. राणीच्या पोटात खालून हवा सोडतात, आत पंखा फिरतो, तिला ऊब कमी पडली तर घंटा वाजते. माझ्यात एकदा बोकड पडला होता, तेव्हा कुठली घंटा वाजली?

राणीत जे पाणी तयार झालं त्याचं नोएमीनं मलम केलं. गाईच्या सुजलेल्या, पू धरलेल्या सडांना ते लावायचं. सातुर्निनाची पिंता गाय आठवडाभरात दूध देऊ लागली. मग काय, शेजारचा एलेउतेरिओ माझ्यावरून जाता जाता म्हणाला, "शहरातली राणी भारी हं! या म्हाताऱ्यापेक्षा बरी." माझ्या दगडांना घाम फुटला.

नोएमीनं पेटंटचा अर्ज केला. त्यात गावालाही भागीदार केलं, कारण बुरशी गावची. बुरशीवर कुणालाच हक्क सांगता येत नाही, ती निसर्गाची. पण ती वाढवून औषध काढण्याची नवी रीत असेल तर त्या रीतीवर सांगता येतो, असं तिनं आत्याला समजावलं. रीत राणीची, म्हणजे मान राणीचा. मी ऐकत होतो आणि आतल्या आत आंबत होतो.

मग राजधानी लिमाहून एक वकील आला. एका औषध कंपनीला तेच मलम स्वतः बनवून विकायचं होतं, म्हणून तिनं अर्जावर हरकत घेतली होती. वकीलसाहेब मोठे गोड. नाकाला रुमाल लावून का होईना, टोकोशची खीर त्यांनी संपवली आणि बोलणं टिपून घ्यायला फोन पुढे धरून विचारलं, "हे औषध तुम्ही पूर्वीपासून बनवता, नाही का?"

आता आमच्या गावात पाहुण्यानं आपल्या वस्तूची थोरवी गायली तर तिच्यात भर घालायची पद्धत आहे. नाही म्हणणं हा पाहुण्याचा अपमान. एलेउतेरिओ सरसावला. "पूर्वीपासून? अहो वकीलसाहेब, माझा आजा याच्यावर जगला! नोएमीनं एवढं शिकून आमचंच आम्हाला दाखवलं!"

"सगळं या खड्ड्यातच होतं म्हणा," वकील म्हणाला.

"सगळं!" सातुर्निनासुद्धा म्हणाली, आणि तिनं माझ्या काठावर हात थोपटला.

काय सांगू तुम्हाला! एवढं सुख मला कधी झालं नव्हतं. राणीचं नाक कापलं गेलं होतं.

चार दिवसांनी नोएमी धावत आली. तिचा चेहरा पाहूनच सातुर्निनाच्या हातातलं फावडं खाली आलं.

"आत्या, काय बोललात तुम्ही लोक? वकिलानं ते पेटंट कार्यालयात ऐकवलं. जुनं असेल त्याला पेटंट मिळत नाही. आता माझी प्रयोगशाळा बंद होणार, आणि कंपनी उद्यापासून तेच मलम विकणार. गावाचं नावसुद्धा राहणार नाही त्यावर."

"अगं, पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? मला वाटलं, तुझंच कौतुक चाललंय."

नोएमी माझ्या काठावर बसून रडली. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं, पण थोडंच. मग तिनं डोळे पुसून विचारलं, "आत्या, ते वरचं बुरशीचं गवत तुम्ही कधी खाल्लंय? जखमेला लावलंय?"

"शी! ते आम्ही जाळतो."

"कुणीच ठेवत नाही?"

"जाळलं नाही तर सासू झाडू घेऊन मागे लागायची."

"मग हेच सांगा ना! टोकोश निराळा, माझं औषध निराळं. ते पाण्याखालच्या बटाट्यात नाही, त्या गवतावरच्या बुरशीत आहे, आणि तिला भरपूर हवा देऊन घुसळल्याशिवाय निघत नाही. खड्ड्यात ते कधी झालंच नाही."

सातुर्निना माझ्याकडे वळली. "हिलारिओच्या खड्ड्याला सगळ्यांसमोर असं बोलू?" ती हळूच म्हणाली.

नको बोलूस, मी म्हणत होतो. माझं कोण ऐकतंय!

शहानिशा करायला पेटंट कार्यालयाच्या बाई आल्या, वकील आला, सगळं गाव माझ्याभोवती जमलं. एलेउतेरिओ टोपी चुरगाळत मागे उभा. सातुर्निना पुढे झाली.

"त्या दिवशी आम्ही फुशारकी मारली, बाई. पाहुण्याचं मन राखायला. या खड्ड्याला बटाटे कुजवण्यापलीकडे काही येत नाही. नोएमीचं औषध यानं कधी केलं नाही, करणारही नाही. ज्या गवतातून ते निघालं, ते आम्ही कचरा म्हणून जाळत आलो."

"आणि तुमचे आजोबा?" वकिलानं एलेउतेरिओला डिवचलं.

"ते खिरीवर जगले हो. गवत तर आमचा बैलही खात नाही!"

सगळे हसले. मी हसलो नाही. जिनं मला इतकी वर्षं पाजलं, तिनंच मला चारचौघांत बिनकामाचा ठरवलं, आणि त्यातला शब्दन् शब्द खरा होता. हेच जास्त झोंबलं.

पेटंट मिळालं. रीत राणीची, नाव नोएमीचं आणि गावाचं. सातुर्निना शहरात राणीला बघायला गेली. मी म्हटलं, जाऊ दे. काहीही झालं तरी राणीला कुणी कोका वाहत नाही. तेवढं एक माझंच आहे.

परवा दोघी माझ्या काठावर बसल्या होत्या. नोएमी फोन दाखवत हसत होती. "आत्या, तुम्ही राणीच्या झाकणावर कोकाची पानं काय ठेवलीत, दारू काय शिंपडलीत! ती पुसायला दुपार गेली माझी."

माझं पाणी जागच्या जागी थांबलं असतं, पण ओढा ऐकतो थोडाच! तेवढंही गेलं.

"आणि तिच्या कानात पुटपुटत काय होतात?" नोएमीनं विचारलं.

सातुर्निनानं माझ्या काठावरचा एक सैल दगड नीट बसवला. "सांगितलं तिला, तू धाकटी. गावाकडे तुझा थोरला भाऊ आहे. तुझ्यासाठी त्यानं माझ्या तोंडून नको ते ऐकून घेतलंय. त्याचा मान राख."

नोएमी हसायची थांबली. सातुर्निनानं पिशवीतून पानं काढली आणि नेहमीच्या जागी ठेवली.

मी अजून जळतो. भाऊ झाला म्हणून जळू नये असं थोडंच आहे? पण आता धाकटीला ऊब कमी पडली आणि तिकडे घंटा वाजली, तर कुणीतरी लवकर धावा. आणि माझ्या ओढ्याचं पाणी तेवढं चालू ठेवा.