वीतभर वर

आत्या गवत कापायची तेव्हा विळा जमिनीला घासून जायचा. मागे उरलेला तुकडा न्हाव्यानं वस्तरा फिरवल्यासारखा दिसे. "वर सोडलेलं गवत काय आपण खायचं?" असं ती विचारायची, आणि विचारताना नजर कुंपणापलीकडे असायची.

पलीकडच्या शेजाऱ्यांना सगळे 'निवांत' म्हणत. वाकायचा कंटाळा म्हणून ते लांब दांड्याच्या विळ्यानं, उभ्याउभ्या, वीतभर गवत मागे ठेवून कापत. दोघांनी बी एकाच पोत्यातलं पेरलं होतं. दाट, हिरवंगार गवत, त्याला कीड म्हणून कधी लागत नसे. आत्याला त्याचा फार अभिमान.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि गुरांच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत काम करत होते. काम एकच: नमुन्याचे वस्तऱ्यानं पातळ काप काढायचे, रंगात बुडवायचे आणि काचेवर ठेवायचे. पन्नासच्या वर वर्षं झाली, पण तो वस्तरा किती हलका धरायचा हे माझी बोटं विसरलेली नाहीत.

त्या वर्षी कोरडे दिवस लांबले आणि आत्याच्या चारही गाई थरथरू लागल्या. उभ्या असल्या की काही नाही. पाण्यावर न्यायला जरा घाई केली की मान हलायला लागे, पाय लाकडासारखे ताठ होत आणि गाय कोसळे. हात न लावता सोडलं तर दहा मिनिटांत उठून रवंथ करायला मोकळी. आत्यानं आठवडाभर कुणाला सांगितलं नाही. मग डॉक्टरांना बोलवावंच लागलं.

डॉक्टर उंटावरून शेळ्या हाकणारे नव्हते. तीन दिवस स्वतः गोठ्यात येऊन बसले. गवताचा संशय त्यांना आलाच होता, पण तेच गवत खाऊन निवांतांच्या गाई ठणठणीत होत्या. आत्यानं दिलेल्या गवताचे काप मीच काढले. त्यांत काही सापडलं नाही. मग उरला मेंदूचा एखादा संसर्ग. आसपासची गुरं वाचवायची तर शुक्रवारी चारही गाई मारून पुरायच्या, असं ठरलं. कागदावर आत्यानं सहीसुद्धा केली.

बुधवारी दुपारी मी तिच्याकडे गेले. डॉक्टरांनी शेवटचा म्हणून आणखी एक नमुना मागितला होता. ती पायरीवर बसून कात्रीनं गवत नीटनेटकं करत होती. शेंडे जुडीत बांधत होती आणि खालचा अर्धा भाग पायाशी टाकत होती. मी विचारलं, हे काय करतेस?

"तपासायला जायचंय ना ते? बुडाचं पिवळं, चिखलाचं कसं पाठवू? लोक म्हणतील, बाई गाईंना काय घालते."

"आणि मागच्या वेळी?"

"मागच्या वेळीही नीटच करून दिलं होतं. तुझ्याच टेबलावर येणार होतं ना?"

मी तिच्या पायाशी पडलेले बुडखे गोळा करून रुमालात बांधले. ती म्हणाली, "रुमाल खराब होईल, पोरी."

गुरुवारी सकाळी मी काप काढले आणि निळ्या रंगात बुडवले. शेंड्याकडे जवळजवळ काही नव्हतं. बुंध्याशी मात्र पेशींच्या मधून लांब, नागमोडी धागे गेले होते, शिंप्यानं कच्ची शिलाई घालून उसवायची विसरावी तसे. डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं, मग चष्मा कपाळावर चढवून मला समजावलं. ही बुरशी बियातच असते आणि गवताबरोबर वाढते. गवत तिला पोसतं, ती विष तयार करून गवताला किडीपासून राखते. ते विष साठतं मुख्यतः बुडाशी, आणि कोरड्या दिवसांत जास्त. मी त्यांना निवांतांचा लांब दांडा सांगितला.

"म्हणजे त्या गाई मालकाच्या आळसानं वाचल्या," डॉक्टर म्हणाले आणि पुन्हा काचेकडे वळले.

शुक्रवारचं मारणं रद्द झालं नाही, दहा दिवस पुढे ढकललं गेलं. तोवर बाहेरून आणलेला कडबा. आत्या रोज चार वेळा गोठ्यात जाऊन यायची आणि मुद्दाम हळू चालायची. दहाव्या दिवशी डॉक्टरांनी गाई अंगणातून भरभर हाकल्या. तिघी सरळ गेल्या. थोरलीची मान जराशी हलली, पण ती पडली नाही. डॉक्टरांनी कागद फाडला. आत्यानं तुकडे उचलून केरात टाकले.

नवं बी पुढच्या हंगामात मिळणार होतं. तोपर्यंत हेच गवत, पण वीतभर वर कापून, आणि जोडीला कडबा. आत्यानं दोन दिवस प्रयत्न केला. विळा वर धरून सुरुवात करायची आणि चौथ्या मुठीला तो जमिनीला लागलेला असायचा. चाळीस वर्षांचा हात, तो डोक्याचं ऐकेना. तिसऱ्या दिवशी ती कुंपणाशी जाऊन उभी राहिली.

"उद्यापासून माझंही गवत तुम्हीच कापा."

निवांत म्हणाले, "ताई, मला तुमच्यासारखं नीट जमत नाही."

"म्हणूनच म्हणते."

ते कापायला येत तेव्हा आत्या दाराकडे तोंड करून पायरीवर बसायची. मागे विळ्याचा आवाज थांबला की विचारायची, "झालं?" आणि त्यांनी गवत गोठ्यात नेऊन टाकल्याशिवाय वळायची नाही.