हृदयाची गोळी, पायाची गोळी

डॉक्टर, एकाच माणसाला दोन दारांतून रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्यात तुम्ही, आणि वर त्याच्या लेकीला विचारता, ‘कळत नव्हतं का?’ नव्हतं कळत. कळून घ्यायचं काम तुमचं होतं.

त्या सुताराचं हृदय वेडंवाकडं धडधडायचं, म्हणून दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली. पुढे पिंढरी सुजून टम्म झाली. नसेत रक्ताची गुठळी. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी दुसरी दिली. घरात त्यांची नावं पडली, हृदयाची आणि पायाची. खालच्यांनी मान वर न करता विचारलं होतं, “आधीच्या गोळ्या?”

“हृदयाची आहे,” लेक म्हणाली.

“चालू ठेवा.”

झालं. हृदयाची म्हणजे कुठली, एवढं विचारायला काय जीभ झिजत होती?

आज रंधा मारताना सुताराचा अंगठा जरासा खरचटला, तर फडकं भिजलं तरी रक्त थांबेना. लेकीनं बाही वर केली. दंडभर काळेनिळे डाग.

“अण्णा, हे कधीचं?”

“धडकलो असेन कुठंतरी. लाकडालाही डाग पडतात, त्याला कुणी दवाखान्यात नेतं का?”

“थट्टा पुरे. लघवी कशी होते?”

अण्णांनी अंगठ्यावरचं फडकं आणखी आवळलं. “लाल,” म्हणाले.

तिनं त्यांना रिक्षात घातलं आणि गोळ्यांची दोन्ही पाकिटं खालच्या डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांचा चेहरा पडला.

“अहो, हीसुद्धा रक्त पातळ करते! दोन्ही कशाला दिल्या?”

“तुम्हीच म्हणालात, चालू ठेवा.”

“मला वाटलं, ब्लडप्रेशरची असेल. वर विचारा.”

ती धावत वर गेली. वरचे म्हणाले, “माझी गोळी बरोबर आहे. पायाचं मला काय माहीत?”

“मग तुमची बंद करू?”

“मनानं काही करू नका. मेंदूत गुठळी गेली म्हणजे?”

खाली आली. “तुमची बंद करू?”

“छातीत गुठळी चढेल, बाई!”

बाकावर बसलेल्या अण्णांच्या अंगठ्यावरचं फडकं पुन्हा लाल होत होतं. ओठ पांढरेफटक. लेक दारात आडवी उभी राहिली. मागचे पेशंट कुरकुरले, ती हलली नाही.

“रक्त एकच आहे हो त्यांच्या अंगात, वरचं वेगळं न् खालचं वेगळं नाही. फोन उचला. वरच्यांना इथं बोलवा. आधी हे वाहणं थांबवा, आणि मग दोघं मिळून माझ्या तोंडावर सांगा, अण्णांना आज यातली कुठली द्यायची? का कुठलीच नाही? बोला!”