डोळे : टपोरे

…फ्लॉपीच्या काळ्या अंगावर अंगठ्याचा ठसा, स्वच्छ, वळणावळणाचा, खरेदीखतावर उठवावा तसा — आणि त्या ठशाला तळलेल्या बांगड्याचा वास. भाई जेवल्यावर हात धूत, नाही असं नाही, पण बोटांच्या टोकांपर्यंत पोचायच्या आत त्यांचा उत्साह संपे. कारकून गुरुदासने फ्लॉपी शर्टाला पुसली. पुसू नये असं पाकिटावर चार भाषांत छापलं होतं, म्हणून मुद्दाम पुसली, आणि यंत्राच्या फटीत सारली. जुना कॉम्प्युटर खवणीवर नारळ फिरावा तसा खरवडला. छप्पनातली एक्केचाळिसावी.

मालवणच्या मासळीबाजारामागे माडीवर 'किनारा आरोग्य मंडळा'चं ऑफिस, आणि त्यात आता दोन कॉम्प्युटर. नवा भाईंच्या केबिनमध्ये, थंड हवेत, डोक्यावर आबोलीचा वळेसर माळून; त्याच्यापुढे चपला काढून जायचं. दोघांमध्ये बारा पावलं. बारा पावलं माहिती नेण्यासाठी छप्पन फ्लॉप्या — म्हणजे विकत घेतलेल्या दहाच, त्याच पुन्हापुन्हा इकडून तिकडे, वऱ्हाडाच्या गाडीसारख्या. पण खरी करामत भाईंची. भाई म्हणजे मंडळाचे सेक्रेटरी. तीस वर्षं सरकारी ऑफिसात फायली सांभाळून निवृत्त झालेले. गुरुदासने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कॉपी केली की फाइल तिकडेही येते आणि इकडेही राहते.

"इकडेही राहते?" भाईंनी चष्मा कपाळावर चढवला होता. "एक फाइल दोन टेबलांवर? अरे, मग ती गेली कशी म्हणायची? इकडची पुसल्याशिवाय जावक नंबर पडायचा नाय."

तेव्हापासून कॉपी करायची, जावक रजिस्टरात लिहायचं, जुन्यातलं पुसायचं, चपला काढायच्या, फ्लॉपी द्यायची, आवक नंबर घ्यायचा, चपला घालायच्या. चपला काढणं-घालणं धरून आतापर्यंत चाळीस वेळा. जगात कुठेतरी लोक म्हणे याच यंत्रांवरून चंद्राची गणितं करतात… करू देत. त्यांच्याकडे भाई नाहीत.

पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली — कांदळवाडी. आणि गुरुदासचा हात थांबला.

दोन वर्षांपूर्वी पाहणीचे कागद घेऊन तो खाडीच्या अलीकडे उभा होता. होडी पलीकडे, होडीवाला होडीत आडवा, ऊन असं की हाक मारायलासुद्धा तोंड उघडू नये. समोर कांदळवाडी: अकरा घरं, मोजता येत होती. माणसंही असणार, माणसं कुठे नसतात? त्याने हॉटेलात उसळपाव मागवला आणि दुसऱ्या चहाच्या आत अकरा घरं वसवली. अडतीस माणसं. त्यांतल्या एकाला दमा दिला, दोघांना हत्तीरोग, आणि सगळं फार निरोगी दिसू नये म्हणून एका म्हाताऱ्याला गेल्याच महिन्यात वारलेला दाखवला. शेवटच्या घरात कावेरी. वय सव्वीस, अविवाहित, शिक्षण मॅट्रिक. मग 'डोळे' असा रकाना आला. तिथे दृष्टीचा दोष लिहायचा होता. उसळ संपली होती, पाव थोडा उरला होता, समोर खाडी चमकत होती… त्याने लिहिलं : टपोरे.

त्या एका शब्दाने पुढची रामकहाणी घडली. कॉम्प्युटरला टपोरे म्हणजे काय ते कळेना. त्या रकान्यात काही लिहिलेलं दिसलं की तो माणूस नेत्रशिबिराच्या यादीत. कावेरीला पत्र गेलं. पत्र परत आलं, पोस्टमनचा शेरा : 'घर बंद, परगावी.' म्हणजे पोस्टमनही खाडीच्या अलीकडेच बसला होता. पुढच्या शिबिरानंतर नर्सने कळवलं : 'तपासणी केली, थेंब दिले.' म्हणजे नर्ससुद्धा. वर्षभरात कावेरीला टोचलं, तोललं, एकदा तर 'सहकार्य करत नाही' असंही लिहिलं. गुरुदासला या सगळ्यांची मनापासून घृणा वाटे, कामचोर साले, एकालाही होडीत पाय ठेवायला नको. आणि कावेरीचा मात्र अभिमान. सहकार्य करत नाही म्हणे! का करावं तिने, असल्या लोकांशी? रोज सकाळी यंत्र सुरू केलं की आधी तिची ओळ उघडायची, वाचायची, बंद करायची. त्याला कुणी विचारलं असतं तर त्याने याला तपासणी म्हटलं असतं.

"बाबा, माझां नाव तुमच्या पेटयेत आसा काय?"

दारात एक म्हातारी. चौकट हाताने चाचपत आत आली.

"कुठून आलात आजी?"

"कांदळवाडीसून. सावित्री माझां नाव. दिसणा नाय माका. डॉक्टर म्हणालो, मोतीबिंदू पिकलो, कुडाळच्या शिबिरात काढूक होयो. जीपवालो म्हणता, यादयेत नाव आसल्याशिवाय नेवचंय नाय."

कांदळवाडीसून! गुरुदासला वाटलं, आपण लिहिलेल्या गोष्टीत कुणी बाहेरचं माणूस चपला घालून शिरलंय.

भाई केबिनच्या दारात आले. शिबिर सोमवारचं, यादी आज संध्याकाळी नव्या यंत्रातून छापायची. "आजी, मशीन हलवतोय. जावकेत चार हजार तीनशे सोळा माणसं लिहिलीत, तितकीच तिकडे पोचायला हवीत. हलवताना माणूस वाढत नाय."

"मगे एक कमी करा," सावित्री म्हणाली.

भाईंनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. "गुरुदास, कांदळवाडीचं डोळ्यांच्या यादीत कोण आहे रे?"

"एकच," तो म्हणाला. "कावेरी."

म्हातारीने मान तिरकी केली. अकरा घरांच्या वाडीत जन्म गेलेली बाई. तिला माहीत नसेल असं कुत्रंसुद्धा तिथे नसणार. आता ती म्हणेल, कावेरी कोण? आता सगळं संपेल — नोकरी, अडतीस माणसं…

"आसा मां," सावित्री म्हणाली. "कावेरी माझांच चेडू, पोटचां. तिच्या वांगडा माका धाडा."

"बघ!" भाई खूश. "पेशंटबरोबर सोबतीला एक चालतो. सुटला प्रश्न. आण ती एक्केचाळीस." आणि ते थंड हवेत परत गेले.

सुटला! सोबतीला आलेल्या बाईचे डोळे कोण कापणार? ते कावेरीला हाक मारतील, कावेरी सहकार्य करणार नाही, आणि ही बाकावर बसून आली तशी परत येईल. उपाय दोन मिनिटांचा होता. कावेरी पुसायचं, सावित्री लिहायचं. सव्वीसच्या जागी वय. चार हजार तीनशे सोळाचे चार हजार तीनशे सोळा. आणि मग जुन्यातली पुसायची, कारण एक फाइल दोन टेबलांवर नसते. म्हणजे कावेरी कुठेच नसणार… गुरुदासने कर्सर तिच्या ओळीवर आणला. तो तिच्या पहिल्या अक्षराखाली लुकलुकत राहिला.

बावळटपणा आहे, त्याने स्वतःला सांगितलं. उसळपावातून निघालेली बाई.

"कशी आहे ती?" त्याने हळूच विचारलं. आपणच विचारलं हे त्याला स्वतःचा आवाज ऐकल्यावर कळलं.

सावित्रीने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "कावेरी? बरी आसा. परगावी आसता. येणा नाय फारशी." मग, थापेत आई म्हणून थोडं जास्तच घालावं तसं, "दोळे मात्र बरे आसत हां तिचे. माझ्यासारखे नाय जावक."

बरे डोळे, आणि नेत्रशिबिराच्या यादीत! इतकी कच्ची थाप! गुरुदासने तिच्याकडे पाहिलं, म्हणजे पहिल्यांदाच पाहिलं. पदराच्या टोकाला एसटीची दोन तिकिटं बांधलेली, आणि डोळे गार पेजेसारखे, वर साय धरलेले. त्याने आपली नेहमीची तुच्छता शोधली. ती सदा पायात असायची, विचार न करता घातलेली… ती आता कुठेतरी दाराबाहेर राहिली होती, आणि त्याला अनवाणी वाटत होतं.

"एक्केचाळीस येतली मां रे?" केबिनमधून भाई.

"येतली," तो म्हणाला. "आजी, वय काय तुमचं?"

"तूच घाल रे काय तां," ती म्हणाली.

"नाय," गुरुदास म्हणाला, आणि कर्सर लुकलुकत राहिला, "तुम्ही सांगा."