निवणारा पत्रा

कॅनडात, कनाटाला मुलाच्या घरामागे शेड उभी राहत होती, आणि छताला पन्हाळी पत्राच हवा असा वाल्मिकरावांनी हट्ट धरला होता. नागपुरात चाळीस वर्षं त्यांनी पत्र्याची छपरं बसवली होती. त्यांचं स्वतःचं घरही पत्र्याचंच होतं.

"सपाट पत्रा लगेच वाकतो," ते नात यशोधराला सांगत होते. "पन्हाळ्या पाडल्या की तोच बर्फाचं ओझं पेलतो. वर जस्ताचा मुलामा, म्हणून लवकर गंजत नाही."

"बट आजोबा, स्क्रू होल्स आर टू बिग."

"असू दे. उन्हात पत्रा पसरतो, थंड झाला की आखडतो. त्याला हलायला जागा ठेवायची. संध्याकाळी निवताना तो टकटक वाजतो. ते ऐकून तुझी आजी चहा ठेवायची. माझी यायची वेळ झालेली असायची ना."

आजीला जाऊन दोन वर्षं झाली होती.

हर्षवर्धन फोमची गुंडाळी घेऊन आला. "बाबा, हा आतून लावला की ऊब राहील, आवाजही येणार नाही."

"उद्या लाव. आजची संध्याकाळ जाऊ दे."

ऊन मेपलच्या मागे गेलं. पत्रा एकदा वाजला, मग पुन्हा.

"इज इट ब्रेकिंग?" यशोधरा दचकली.

वाल्मिकरावांनी पाना पेटीत ठेवला, हात पुसले आणि घरी निघाल्यासारखे उठले. दोन पावलांवर थबकले.

हर्षवर्धनने गुंडाळी भिंतीशी टेकवली. "चहा ठेवतो, बाबा."

"ठेव," ते म्हणाले, "मी येतो. अजून वाजतोय तो."