पडद्यावरचं पाकीट

चेंदणी कोळीवाड्यात घरात संगणक आणणारा आनंद पहिला. १९९९च्या होळीला आणला. एका मासिकाबरोबर फुकट सीडी मिळाली, तिच्यातले पोहणारे मासे त्याने पडद्यावर सोडले. त्याची आई सगुणा जन्मभर मासळी विकत आलेली. ती म्हणाली, "न मरणारा मासा काय कामाचा रं?" माशांच्या मागून जाहिराती दाखवणारा एक प्रोग्राम, म्हणजे एक जाहिरातवालाही, न बोलावता संगणकात शिरला होता, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. फुकटच्या मालात एवढं चालायचंच.

नारळी पौर्णिमेनंतर सुट्टीच्या दिवशी आनंद बापाबरोबर होडीत गेला. खाडीच्या तोंडाशी होडी उलटली. बाप, भिवाजी, पोहत परत आला. आनंदचा देहसुद्धा मिळाला नाही.

पुढे दर संध्याकाळी पडद्यावर एक पाकीट फडफडायला लागलं. टिंग असा आवाज व्हायचा. सगुणाने मला बोलावलं. मी शेजारचा, पोस्टातून निवृत्त, तेव्हा पाकीट म्हटल्यावर माझाच अधिकार.

"काय लिवलंय, भाऊ?"

चष्मा घरी राहिला होता. मोठी इंग्रजी अक्षरं तेवढी लागली. "तुमच्यासाठी एक निरोप थांबलाय," मी ऐटीत सांगितलं, चहा घेतला आणि घरी आलो. खाली बारीक अक्षरात जाहिरात असं लिहिलं होतं, ते मला पुढच्या खेपेला दिसलं.

त्या दिवसापासून ती रोज दिवा लावून संगणकासमोर बसायची. माउसने पाकीट दाबलं की मशीन म्हणायचं, जोडणी नाही, नंतर प्रयत्न करा. ती दुसऱ्या दिवशी प्रयत्न करायची.

दिवाळीनंतर भिवाजी माझ्याकडे आला.

"दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायचाय पोराला. ती म्हंते, निरोप वाचल्याबिगर नाय. तेवढा काढून टाका, भाऊ."

"ती जाहिरात आहे, असं सांगितलंत का वहिनींना?"

"तुमी सांगा. माझं कशाला ऐकंल ती? मी परत आलेलो ना."

मी गेलो. सगुणा कोलंबी सोलत होती.

"वहिनी, फोनची लाइन कापून तीन महिने झाले. मग निरोप येणार कुठून?"

"तेच म्हंते मी," ती मान वर न करता म्हणाली. "लाइन कापली तरी येतंय. जाहिरातवाला येवढी खटपट करंल का कोणासाठी?"

पोस्टातल्या बत्तीस वर्षांत मला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेल्यावर मी चष्मा लावून बसलो. तो जाहिरातवाला काढायला गेलो तर एक रडका चेहरा पडद्यावर आला.

"काय म्हंतो?" भिवाजीने विचारलं.

"खरंच आम्हाला काढून टाकताय का, म्हणतोय."

भिवाजी भिंतीकडे वळला. "हो म्हणा."

मी हो म्हटलं. मशीन बंद करून चालू केलं. टिंग. तीनदा काढलं, तीनदा आलं. शेवटी कळलं की मासे आणि तो एकाच गाठोड्यातले. मासे ठेवून तो जाणार नाही. मासेही काढले. पडदा नुसता निळा राहिला.

संध्याकाळी सगुणा दिवा लावून बसली. मी दारात होतो. भिवाजीने दर्भाची जुडी आणून कोनाड्यात ठेवली होती. तासभर काहीच वाजलं नाही. मग ती उठली, मशीन बंद केलं आणि त्यावर नीट कापड घातलं.

भिवाजीने घसा खाकरला. "उद्या भटजींना सांगू?"

"कशाला?"

"अगं, निरोप बंद झाला ना आता."

"झाला ना? मासे पन घेऊन गेला." ती पदर खोचत म्हणाली. "निघाला आनंद तिकडून. निघाल्यावर निरोप कोण धाडतं?"

भिवाजीने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे काढण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

"भाऊ, जेवूनच जा," सगुणा आतून म्हणाली; सुरमई कापल्याचा आवाज येत होता. "चौघांचं करते."

या वेळी चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता. घरात आम्ही तिघं होतो; तिने ताटं मांडली ती चारच होती.