नियमाबाहेरच्या एकोणऐंशी रात्री

बँकेच्या खिडकीतल्या मुलीनं पासबुक छापून परत सरकवलं, तेव्हा थेक्लानं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. आकडा तोच राहिला. चार हजार एकशे ऐंशी युरो.

"अगं, हे संघाचंच खातं ना? कर्करुग्ण संघाचं?"

"हो मावशी. शिक्का तुमचा, सही तुमची. दुसरं कुणाचं असणार?"

थेक्ला बाहेर येऊन बंदराकडच्या बाकावर बसली. वारा इतका होता की पासबुकाची पानं बोटांनी दाबून धरावी लागत होती. गेल्या फेब्रुवारीतल्या सर्वसाधारण सभेत संघाची शिल्लक एकेचाळीस हजार सहाशे अशी वाचून दाखवली होती. चाळीस माणसांनी हात वर करून ती मंजूर केली होती, आणि खजिनदार म्हणून खाली सही होती थेक्लाची.

खजिनदार ती पाच वर्षं होती, पण नावाचीच. संघ म्हणजे पोलिक्सेनीबाई. बावीस वर्षांपूर्वी त्यांची मुलगी अथेन्सच्या इस्पितळात कर्करोगानं वारली. त्या दिवसांत बाई तीन महिने व्हरांड्यातल्या खुर्चीवर झोपल्या होत्या. परत आल्या आणि त्यांनी दारोदार फिरून संघ उभा केला, इस्पितळाजवळ दोन खोल्यांचं घर भाड्यानं घेतलं. लिम्नोस बेटावरून उपचारांना जाणाऱ्या माणसाला निदान अंथरूण तरी मिळू लागलं. बेटावर कुणी वारलं की लोक मयताला हार न नेता तेवढे पैसे संघाला देत. त्याच्या पावत्या थेक्ला फाडायची. पोस्टात तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईचं अक्षर, पावती देखणी व्हायची. पासबुक मात्र बाईंच्या कपाटात असायचं. बाई पैसे काढायच्या कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन यायच्या, कॉफी व्हायची, थेक्ला दहा-बारा चिठ्ठ्यांवर एकदम सही करून द्यायची. ज्या बाईंनी आपल्याला पहिलीत अक्षर गिरवायला शिकवलं, त्यांना "कशासाठी?" असं विचारायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

आता बाई खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळल्या होत्या, म्हणून कपाटाची किल्ली थेक्लाकडे आली होती. अथेन्सच्या घराचं विजेचं बिल भरायचं, एवढंच काम होतं.

त्या दुपारी तिनं कपाटातल्या सगळ्या फायली घरी नेल्या आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरल्या. बाईंनी एक कागद टाकला नव्हता. चोरी करणारा माणूस असं जपून ठेवत नाही, हे तिला पहिल्या तासातच कळलं. कागद होते हॉटेलच्या बिलांचे. संघाचा नियम असा होता की एका रुग्णानं घरात एकवीस रात्री राहायचं, मग खोली पुढच्याला द्यायची. पण उपचार एकवीस दिवसांत कुणाचे संपतात? बाईंनी कुणाला उठवलंच नव्हतं. नंतर येणाऱ्यांना त्या जवळच्या हॉटेलात ठेवत आणि बिल संघाच्या शिलकीतून भरत. सहा वर्षं हे चाललं होतं.

तिसऱ्या फाइलमध्ये तिला स्वतःचं नाव दिसलं.

'अर्गीरिस व पत्नी थेक्ला. ३ मार्च ते ११ जून.' शंभर रात्री. नवऱ्याच्या शेवटच्या त्या दिवसांत आपण किती राहिलो हे तिनं कधी मोजलंच नव्हतं. तिनं एकदा फोनवर विचारलं होतं, "बाई, आमची मुदत संपली असेल ना?" आणि बाई म्हणाल्या होत्या, "तू नवऱ्याकडे बघ. मुदतीचं मी बघते." त्यांच्यामुळे ज्यांना खोली मिळाली नाही त्यांची हॉटेलची बिलं त्याच कागदाला टाचणीनं लावली होती. नियमाबाहेरच्या एकोणऐंशी रात्री, रात्रीचे साठ युरो. चार हजार सातशे चाळीस. आज खात्यात उरले होते त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी ती बाईंकडे गेली. बाई उशीला टेकून बसल्या होत्या.

"बिल भरलंस?"

"भरलं. पासबुकही छापून आणलं."

बाईंनी पायावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाल्या, "खुर्ची ओढ. उभ्यानं बोलू नकोस, मान दुखते माझी."

"बाई, सदतीस हजार गेले कुठे ते मला कळलं. सभेत खोटं का वाचलंत, ते नाही कळलं."

"खरं वाचलं असतं तर? बुडत्या संघाला कोण हाराचे पैसे देतं? दर वर्षी वाटायचं, पुढच्या वर्षी भरून काढू. कोंदियास गावातलं माझं शेत विकलं, त्याचे बारा हजार घातले मी त्यात. तेही पुरले नाहीत."

"मला तरी सांगायचं."

"तुला?" बाईंचा आवाज चढला. "तुला काय सांगू? की उठ, नवऱ्याला घेऊन बाहेर हो, एकविसावी रात्र झाली? सांग ना! तो नियम मीच लिहिला होता. लिहिताना सोपा वाटला होता."

बाईंनी थेक्लाचा हात धरला.

"ऐक पोरी. पिरेअसची कलिरोई, त्या जहाजमालकाची विधवा, पन्नास हजार देणार आहे. तिच्या वकिलाला तीन वर्षांचे हिशेब हवेत. आधी वाचले तसेच पाठवून दे. पैसे आले की खड्डा भरतो. कुणाचं काही जात नाही. मधमाश्या पाळणारा लांब्रोस फेब्रुवारीत जाणार आहे, तेहतीस वेळा किरणांचा उपचार घ्यायला. त्याला मी शब्द दिलाय."

"आणि माझी सही त्याखाली?"

"आजवर दिलीसच की."

हे बाई ओरडून म्हणाल्या नाहीत, म्हणून ते जास्त लागलं.

थेक्ला तिथून सरळ स्त्रातिसकडे गेली. स्त्रातिस जहाजावरचा निवृत्त इंजिनिअर, संघाचा हिशेबतपासनीस. बंदरावर जाळी दुरुस्त करणाऱ्यांना चुका दाखवणं हा त्याचा रोजचा उद्योग. त्यानं पासबुक पाहिलं आणि तोंडातली काडी काढून ठेवली.

"मी तपासले होते हिशेब," तो म्हणाला.

"कसे?"

"बाईंनी कागद दिला, वडी दिली. वडी खाल्ली, सही केली." तो हसला नाही. "जहाजावर मी कुणाच्या शब्दावर तेलाची पातळी लिहिली असती, तर कप्तानानं मला समुद्रात टाकलं असतं. आणि वकिलाला जुने हिशेब पाठवले तर?"

"पन्नास हजार येतील."

"खरे पाठवले तर?"

"तुला काय वाटतं?"

स्त्रातिसनं पासबुक मिटून तिच्या हातात दिलं. "तू विधवा बाई, थेक्ला. लोक तुला फाडून खातील. तुझंच नाव आहे त्या फायलीत."

"म्हणूनच. उद्या दुसऱ्या कुणाला ते सापडलं तर म्हणतील, स्वतःचं झाकायला गप्प बसली. आणि ते खरंच असेल."

त्या आठवड्यात कार्यकारिणीतल्या बाकी तिघांना तिनं घरी बोलावलं. दोघं म्हणाले, थांबू. एक रडली. शेवटी स्त्रातिसनं टेबलावर हात आपटला आणि खरे हिशेब पिरेअसला गेले. दहा दिवसांनी वकिलाचं दोन ओळींचं पत्र आलं. अशिलांनी देणगीचा विचार रद्द केला आहे. कळावे.

फेब्रुवारीतली सभा नेहमीसारखी सांस्कृतिक मंडळाच्या सभागृहात भरली. दर सभेत कापायचा तो नव्या वर्षाचा केक टेबलावर होता, सुरी शेजारी होती, पण कापायचं कुणी नाव काढेना, कारण बातमी आधीच गावभर झाली होती. दर वर्षी चाळीस माणसं असायची, आज शंभरावर होती. बाई आल्या नव्हत्या. त्यांनी राजीनामा पाठवला होता, आणि त्यात कारण लिहिलं नव्हतं.

थेक्ला उभी राहिली. तिनं सहा वर्षांचे आकडे एकेक करून वाचले. रुग्णांची नावं वाचली नाहीत, फक्त रात्रींचे आकडे वाचले. मग कागद खाली ठेवला.

"यातल्या एकोणऐंशी रात्री माझ्या आणि अर्गीरिसच्या आहेत. मला ठाऊक नव्हतं, पण मी विचारलंही नाही. आणि पाच वर्षं मी कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या केल्या. बाईंनी लपवलं, हे खरं. लपवायला जागा आम्ही दिली."

"म्हणजे मी नवऱ्याच्या हारांचे पैसे दिले," मागून एक बाई किंचाळली, "ते हॉटेलवाल्याच्या घशात गेले?"

"चोर आहेत सगळे!" कुणीतरी ओरडलं.

"चोर असतो तर टाचण्या लावून ठेवल्या असत्या का रे बिलांना?" स्त्रातिस उठला. "मी न वाचता सही केली. चष्मा खिशात होता. मला शिव्या द्यायच्या तर द्या, त्या मला लागू पडतात. बाईंनी एक युरो घरी नेला नाही."

तिसऱ्या रांगेतली एक तरुण बाई बसल्या जागेवरून हळूच म्हणाली, "माझी आई त्रेपन्न रात्री होती तिथे." तिच्या शेजारचा म्हणाला, "माझा भाऊ एकतीस." पण सगळेच असं म्हणाले नाहीत. कितीतरी माणसं उठून गेली. जाताना काहींनी सभासदत्वाची कार्डं टेबलावर टाकली. संघ मोडायचा की ठेवायचा यावर मतं घेतली, तेव्हा अडतीस विरुद्ध एकतीस असा तो वाचला. त्या एकोणऐंशी रात्रींचे पैसे आपण दरमहा शंभर युरोंनी फेडू, असं थेक्ला म्हणाली. सभा नको म्हणाली. थेक्ला तरीही पैसे भरू लागली.

अथेन्सचं घर मार्चअखेर सोडावं लागलं. मुळात भाडं द्यायलाच पैसे नव्हते. अथेन्समध्ये स्थायिक झालेल्या बेटावरच्या पाच कुटुंबांनी एकेक खोली देऊ केली. थेक्लानं त्यांची यादी केली आणि लांब्रोसकडे गेली. राहायच्या जागेचा भरवसा नसल्यानं त्याचा उपचार तोवर दोनदा पुढे ढकलला होता.

"परक्याच्या घरात?" लांब्रोस म्हणाला. "रात्री सात वेळा उठतो मी. अंगावरच ओलं होतं कधी कधी. त्या माणसांची गादी खराब करू? संघाचं घर कुणा एकाचं नव्हतं, तेच बरं होतं."

"हॉटेल बघते. माझ्या पैशानं."

"तुझे पैसे कशाला? बाईंनी दिले असते ते वेगळं." तो मधमाश्यांच्या पोळ्यांकडे वळला. "राहू दे. आता डोंगरावर थाइमची झुडपं फुलतील, माश्यांना सोडून कसा जाऊ?"

ती आणखी दोनदा गेली. डॉक्टरांना घेऊन गेली. तो गेला नाही. जूनमध्ये तो वारला. उपचार घेतला असता तर आणखी वर्ष काढलं असतं, कदाचित नसतंही, असं डॉक्टर म्हणाले, आणि त्या 'कदाचित'वर थेक्ला कित्येक रात्री पडून राहिली.

अंत्यविधीला पोलिक्सेनीबाई काठीच्या आधारानं आल्या होत्या. चर्चच्या पायऱ्यांवर दोघी समोरासमोर आल्या. सभेनंतर पहिल्यांदाच.

"जुळला ना तुझा हिशेब?" बाई म्हणाल्या, आणि पायरी चाचपत खाली उतरल्या.

थेक्ला तिथेच उभी राहिली. खरे हिशेब पाठवले नसते तर लांब्रोस फेब्रुवारीत अथेन्सला गेला असता, हे तिला नाकारता येत नव्हतं. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणासाठी तोच कागद पुन्हा खोटा लिहावा लागला असता, आणि त्यानंतरच्याही वर्षी, हेही नाकारता येत नव्हतं. दोन्ही खरं होतं. घरी येऊन तिनं अर्गीरिसच्या फोटोसमोर दिवा लावला आणि पहिल्यांदाच त्याच्यावर रागावून रडली, का ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

उन्हाळ्यात हाराचे पैसे थोडेथोडे येऊ लागले. पूर्वीच्या निम्मेही नव्हते. पैसे काढायच्या प्रत्येक चिठ्ठीवर आता दोन सह्या लागत, दुसरी स्त्रातिसची, आणि तो ती करताना इतके प्रश्न विचारी की थेक्ला वैतागून जाई. महिन्याचा जमाखर्च औषधाच्या दुकानाच्या दारावर लागे. एकवीस रात्रींचा नियम त्यांनी काढून टाकला. उपचार जितके दिवस, तितके दिवस, आणि पैसे नसतील तर तसं तोंडावर सांगायचं, असं ठरलं. तसं सांगायची वेळ थेक्लावर दोनदा आली. दोन्ही वेळा घरी येऊन तिला जेवण गेलं नाही.

पुढच्या फेब्रुवारीत सभेला सव्वीस माणसं आली. थेक्लानं जमाखर्च वाचला आणि दर वर्षीच्या रिवाजाप्रमाणे विचारलं, "कुणाला काही शंका?" गेल्या वर्षीचा आरडाओरडा सोडला तर इतक्या वर्षांत कुणीच कधी काही विचारलं नव्हतं.

शेवटच्या रांगेत एक हात वर झाला. पोलिक्सेनीबाई साध्या सभासद म्हणून येऊन बसल्या होत्या. कधी आल्या, ते तिला दिसलंच नव्हतं.

"प्रवासखर्च नऊशे साठ लिहिलाय," बाई म्हणाल्या. "किती माणसांचा? आणि बोटीचा की विमानाचा?"

सभागृहात चुळबुळ झाली. स्त्रातिस उठायला लागला, तसं थेक्लानं हातानंच त्याला बसवलं. तिनं फाइल उघडली, पान शोधलं.

"सहा माणसांचा, बाई. चौघांचा बोटीचा, दोघांचा विमानाचा. विमानाच्या दोघांना डॉक्टरांची चिठ्ठी होती. चिठ्ठ्या इथे आहेत. बघायच्या आहेत?"

"बघायच्या आहेत," बाई म्हणाल्या.

थेक्ला फाइल घेऊन मागच्या रांगेपर्यंत चालत गेली. बाईंनी चष्मा लावला, दोन्ही चिठ्ठ्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या आणि मान हलवून फाइल परत दिली. थेक्ला जागेवर परत आली आणि पुढचा विषय तिनं वाचायला घेतला.